‘किती झाले बोला’ म्हणणाऱ्या दादांस

प्रति,
पांढऱ्या गाडीतले दादा,
मुक्काम नाशिक, रस्त्याची उलटी बाजू

सा. न. वि. वि.

यातला साष्टांग नमस्कार माझ्या गाडीने त्या रविवारी संध्याकाळी जेहान सर्कलच्या सिग्नलला आपल्याला घातलाच आहे, पुढची दोन्ही चाकं फाकवून आणि नाक डांबराला टेकवून. तेव्हा माझ्याकडून साधाच धरावा. आपलं खरं नाव पंचनाम्यात आहे. पण आपल्या नंबरप्लेटवरचे आकडे असे वळवून काढलेले होते की ते ‘दादा’ वाचावेत, आणि माणसाने स्वतःच्या पैशाने लावून घेतलेली पदवी मोडू नये, अशा मताचा मी आहे.

गाडीतून उतरल्यावर आपलं पहिलं वाक्य होतं, ‘किती झाले बोला, इथंच मिटवून टाकू.’ ‘लागलं का कुठं?’ हेही विचारलंत, नाही असं नाही. फक्त तेव्हा आपला हात आपल्याच बंपरवर फिरत होता. त्यामुळे प्रश्न नेमका कोणाला होता, ते माझ्या मेव्हण्याला अजून कळलेलं नाही. तो बिचारा खांदा धरून उभा होता, उत्तर द्यावं की नाही या विचारात.

मी आकडा सांगितला नाही याचा आपल्याला राग आला. आपल्या खिशातून नोटा निम्म्या बाहेर आल्या होत्या आणि मी अडाण्यासारखा पोलिसांना फोन लावत होतो. दादा, मी अडून बसलो नव्हतो. मला आकडा खरोखरच माहीत नव्हता. तो शोधायला तेव्हापासून सर्व्हेअर, वर्कशॉप, उस्ताद, भंगारवाले आणि नातेवाईक यांचे उंबरे झिजवतोय, आणि जो तो वेगळा आकडा सांगतोय. आपण मोठ्या मनाने विचारलंत म्हणून तपशीलवार उत्तर देतो. पत्र खुलं अशासाठी, की उलट्या बाजूने येणारे आपण एकटे नाही. हे आपणच हवालदारसाहेबांना समजावून सांगत होतात: ‘सिंहस्थासाठी अर्धं नाशिक खोदून ठेवलंय साहेब, सगळेच असे येतात.’ त्या सगळ्यांनाही वाचता यावं.

आधी आपण कशावर आदळलात ते सांगतो, कारण आपल्या जबाबात तिचा उल्लेख ‘जुनी जीप’ असा आहे. ती थार. २०१४ची, सीआरडीई. २४९८ सीसीचं डिझेल इंजिन, १०५ हॉर्सपॉवर, फोर बाय फोर, मागे पाटे, डोक्यावर कापडी हूड. एअरबॅग नाही, एबीएस नाही, दार लावताना गोदरेजच्या कपाटासारखा आवाज. जन्म सातपूरचा, आपण तिला जिथे आडवी केलीत तिथून तिचं माहेर रिक्षाच्या भाड्याइतकं लांब. महिंद्राच्या गाडीबद्दल नाशिककर थोडा हळवा असतो, कारण त्याच्या घरातलं नाहीतर शेजारचं कोणीतरी त्या कारखान्यात कामाला असतं किंवा होतं. आपण नाशिकचेच असाल तर हे सांगायची गरज नाही. पण मग त्या चौकातली गाड्या जाण्याची दिशाही सांगायची गरज नव्हती.

पहिली काही वर्षं ती कंपनीने दिली तशीच होती. मग पावसाळ्यात त्र्यंबकच्या बाजूला कापडी हुडातून पाणी थेट मांडीवर गळायला लागलं, म्हणून फायबरचा हार्डटॉप आला. इगतपुरीला महिंद्रांनीच ऑफ-रोड चालवायला शिकवणारी अकादमी काढली. ती पाहून आल्यावर ३१ इंची टायर आले. टायर मडगार्डला घासू लागले, म्हणून मागचे पाटे बदलले आणि पुढचा टॉर्शन बार चढवला. मुद्दाम चिखलात रुतायला जायचं तर निघायचीही सोय हवी, म्हणून मूळ बंपरच्या आत दिसणार नाही असा विंच. ओढ्यात इंजिन पाणी पिईल म्हणून स्नॉर्केल. यातली कुठलीच गोष्ट एकदम ठरवून केलेली नाही. प्रत्येक खर्च आधीच्या खर्चाने पदरात टाकला. या सगळ्याची बेरीज मी घरात आजवर सांगितलेली नाही. हे पत्र छापून आल्यावर ती बायको करणार आहे, आणि त्यानंतर होणाऱ्या नुकसानीची भरपाई आपल्याकडून कोणत्या कलमाखाली मागता येईल, हे वकिलांना विचारून ठेवलं आहे.

आपण जबाबात असंही म्हणालात की ‘समोरचापण स्पीडमध्ये होता’. यात थोडं तांत्रिक तथ्य असू शकतं, ते मीच मांडतो. कंपनीचा टायर २३५/७० आर १६, म्हणजे उंची साधारण ७३५ मिलिमीटर. ३१ इंची टायर ७८७. फरक ७ टक्क्यांचा. मीटर बिचारा चाकाचे फेरे मोजतो, फेरा लांबलाय हे त्याला कोणी सांगत नाही. म्हणून तो ६० दाखवत असतो तेव्हा गाडी ६४ने पळत असते. फक्त सिग्नल लाल होता, दादा, आणि मी उभा होतो. शून्याला ७ टक्के लावून पाहिले, वकिलांकडूनही तपासून घेतले. शून्यच येतात.

आता आपल्या गाडीकडे वळू, कारण गावात चर्चा सुरू आहे की ‘मॉडिफाइड गाडीचा अपघात झाला’, आणि त्यातली मॉडिफाइड गाडी म्हणजे माझीच, असं सगळे धरून चालले आहेत. हा आपल्यावर अन्याय आहे. आपणही काही कमी खर्च केलेला नाही. काचांना काळी फिल्म आहे. तिच्यावर सर्वोच्च न्यायालयाने २७ एप्रिल २०१२ रोजी बंदी घातली. कारखान्यातून येणाऱ्या काचेतून पुढे-मागे निदान ७० आणि बाजूंना ५० टक्के उजेड आरपार यायला हवा, वर काहीही चिकटवायचं नाही, असं त्या निकालाने ठरवलं. आपल्याला मी दिसलो नाही, असं आपण म्हणालात. माझा त्यावर पूर्ण विश्वास आहे. संध्याकाळी सातला त्या काचेतून आपल्याला आपलं बॉनेट दिसत असेल तरी पुष्कळ. नंबरप्लेटचं वर सांगितलंच. हाय सिक्युरिटी प्लेटसाठी जुन्या गाडीवाल्यांनी २०२५ सालभर मुदतवाढीवर मुदतवाढ मिळत असतानाही रांगा लावल्या. आपण त्या गर्दीत भर घातली नाहीत.

आणि पुढे तो बुल बार. पोळ्याचा दिवस सोडला तर नाशिकच्या रस्त्यावर हल्ली बैल दिसत नाही, तरी आपण तयारीत. केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७मध्ये राज्यांना पत्र लिहून हे लोखंडी कठडे बेकायदा आहेत, कारवाई करा, असं कळवलं होतं. ते पत्र फिरत फिरत आपल्या मेकॅनिकपर्यंत यायचं असेल.

इथे जरा सरळ बोलतो. आपला मुलगा पुढच्या सीटवर होता, दहा-अकरा वर्षांचा, पट्ट्याशिवाय, डॅशबोर्डला हात टेकून. आपल्या गाडीला एअरबॅग आहेत आणि त्या उघडल्या नाहीत. गाडीचं नाक चेपतं ते चेपण्यासाठीच बनवलेलं असतं. धक्का तिथे जिरतो आणि किती जोराचा होता हे सेन्सरला कळतं. बुल बार बहुतेक वेळा थेट चासीला बोल्ट केलेला असतो. मग नाक चेपत नाही, धक्का सरळ आत जातो, आणि सेन्सरला तो कळायचा तसा कळेलच याची खात्री उरत नाही. आपल्या गाडीचा पुढचा भाग बघून आपण म्हणालात, ‘बघा, आपल्या गाडीला काही नाही झालं.’ मुलाच्या कपाळावरचं टेंगूळ मी पाहिलं. त्याला डॉक्टरला दाखवलंत ना? चासीही कुठे तरी दाखवून घ्या. टोमणा नाही हा.

कायद्यापुढे मात्र आपण दोघं एकाच बाकावर बसतो, हे मान्य करायला हवं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ने गाडीत असा बदल करायला मनाई आहे की कंपनीने ठरवलेलं वर्णन आणि गाडी यांचा मेळ बसू नये. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या एका प्रकरणात ते आणखी घट्ट केलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२अ आणलं: परवानगीबाहेरच्या दर बदलाला ५,००० रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. दर बदलाला, हे नीट वाचा. ऑफ-रोडवाले मित्र याला आंधळा कायदा म्हणतात. मी म्हणत नाही. गाडीचे ब्रेक, दिवे, वजन, वळणं हे सगळं पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत तपासून मंजूर होतं, आणि ते तपासलेलं असतं मूळ गाडीचं. चार इंच उंच केलेलीचं नव्हे. मला एवढंच खटकतं की पाणी गळू नये म्हणून बसवलेलं छप्पर आणि समोरच्याला धडकी भरावी म्हणून बसवलेलं लोखंड एकाच ओळीत येतं. उलट्या बाजूने गाडी चालवणं मात्र वेगळ्या ओळीत येतं, कलम १८४, धोकादायक ड्रायव्हिंग, पहिल्या खेपेला सहा महिने ते वर्षापर्यंत कैद किंवा १,००० ते ५,००० दंड. त्या ओळीत आपण एकटेच आहात. पाय पसरून बसा.

आता आकडा.

पहिला आकडा विमा कंपनीच्या सर्व्हेअरने काढला. सज्जन माणूस. मी प्रत्येक बदल कंपनीला लेखी कळवलेला होता, आणि विजेवर चालणाऱ्या जादा सामानावर त्याच्या किमतीच्या ४ टक्के हप्ता वेगळा भरत होतो, म्हणून त्याने निदान तोंड वाकडं केलं नाही. त्याने घसाऱ्याचा तक्ता उघडला. दहा वर्षांवरच्या गाडीचा पत्रा आणि लोखंड: निम्मी किंमत. रबर, प्लास्टिक, टायर, बॅटरी: वय काहीही असो, निम्मी. फायबर: ३० टक्के वजा. काच: घसारा नाही, पूर्ण किंमत. म्हणजे अख्ख्या गाडीत विमा कंपनीच्या लेखी नव्यासारखी एकच वस्तू होती, ती म्हणजे विंडस्क्रीन. ती फुटली नाही. ज्या विंचसाठी मी दरवर्षी वेगळा हप्ता भरला, त्याला ओरखडासुद्धा नाही. आपला नेम पाहून सर्व्हेअरही चकित झाला; ज्याचे पूर्ण पैसे मिळाले असते त्याला आपण हातच लावला नाहीत.

दुसरा आकडा कंपनीच्या वर्कशॉपचा. तिथल्या तरुण सल्लागाराने गाडीभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, ‘सर, यातलं ओरिजिनल काय काय आहे?’ त्यांचं म्हणणं असं, की दुरुस्ती करू तर कंपनीच्या मापाने करू; हार्डटॉप, टायर, पाटे, स्नॉर्केल हे आमच्या यादीत नाही, ते काढून आणा किंवा काढायची मजुरी लावतो. एस्टिमेट पाच लाखांच्या घरात. मेव्हणा हळूच म्हणाला, ‘भावजी, एवढ्यात रॉक्सचं डाउन पेमेंट होतं.’ थार रॉक्स १५ ऑगस्ट २०२४ला आली तेव्हापासून त्याच्या मोबाइलच्या वॉलपेपरवर आहे. खांदा दुखत असतानाही माणूस तत्त्वाला चिकटून राहतो तो असा.

घसारा वजा जाता विमा कंपनीच्या वाट्याला येणारी दुरुस्ती २ लाख ६२ हजारांवर गेली. गाडीची विम्यातली घोषित किंमत ३ लाख ४० हजार. खर्च घोषित किमतीच्या ७५ टक्क्यांपलीकडे गेला की गाडी ‘टोटल लॉस’ धरतात. इथे ती रेषा २ लाख ५५ हजारांवर पडत होती. सात हजारांनी माझी गाडी मेली, दादा. आपण ब्रेकला आणखी थोडा पाय लावला असता तर ती कागदोपत्री जखमी राहिली असती.

तिसरा आकडा रुपयांत नव्हता, आणि माझा निर्णय झाला तो त्यावरच. द्वारकेकडच्या एका गल्लीत आमचे उस्ताद आहेत. गाडी टो करून त्यांच्या दारात आणली तेव्हा त्यांनी बॉनेट उघडलंच नाही. डावं दार उघडलं, सोडलं. ते लागलं नाही. पुन्हा थोडं उचलून लावलं, तेव्हा लागलं. ‘चासी गेली,’ म्हणाले. धक्का उजव्या कोपऱ्यात आणि दार अडतंय डावीकडचं, म्हणजे आख्खा सांगाडा पिळलाय. मग त्यांनी गाडी चार स्टँडवर घेतली, चासीच्या ठरावीक भोकांतून गवंड्याचा ओळंबा खाली सोडला, आणि जिथे टोक टेकलं तिथे फरशीवर खडूने फुल्या मारल्या. गाडी ढकलून बाजूला केली तर जमिनीवर नुसत्या फुल्या उरल्या, आणि त्यांना जोडत त्यांनी सुतळी धरली, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत, मग उलटी. एका पोराने एक टोक अंगठ्याखाली दाबून ठेवलं होतं. दोन्ही तिरक्या सुतळ्या सारख्या भरल्या पाहिजेत. उस्तादांनी टेप लावला. सहा सूत फरक. पाऊण इंच.

‘होईल का सरळ?’ मी विचारलं.

‘जॅक लावून ओढू. गॅस नाही लावायचा, लोखंड मऊ पडतं. सरळ करून देतो.’ खडूचे हात पुसत ते पुढे म्हणाले, ‘पण घाटात मी बसणार नाही.’

आपण ज्या बंपरवरून हात फिरवत होतात तो मऊ होता की कडक, ते मला माहीत नाही. पण माझ्या गाडीत आपण काय मोडलंत, ते त्या फरशीवर खडूने लिहिलेलं होतं. दिवा फुटला तर दिवा मिळतो, मडगार्ड चेपलं तर मडगार्ड मिळतं. ३१ इंची टायर आणि उंच पाटे घेऊन कसाऱ्याचा उतार उतरणाऱ्या गाडीखाली सहा सुतांनी पिळून पुन्हा ताणलेली चासी असेल, तर पुढच्या वळणावर माझ्या समोरून जो कोणी येईल तो आपल्यासारखाच नशीबवान असेल असं नाही.

पर्याय बरेच होते. नवी चासी टाकता येते. पण या पिढीची थार बीएस-६ आल्यावर २०२०मध्ये बंद झाली, कोरी चासी मिळाली तरी तिचा नंबर नवा, म्हणजे आरटीओची परवानगी, तपासणी, आणि तिथल्या साहेबांनी गाडीभोवती फेरी मारताना ५,००० गुणिले बदल हा पाढा म्हणायला सुरुवात केली की संपलं. सगळं काढून कंपनीने दिली तशी साधी करता येते. त्यात हार्डटॉप उतरतो, चासी मात्र वाकडी राहते. ओढून, रंगवून, चकचकीत करून विकता येते. ओएलएक्सवर अशा कितीतरी उभ्या असतात, ‘सिंगल ओनर, शोरूम कंडिशन’. विकायची तर घेणाऱ्याला ते सहा सूत सांगायला हवेत, आणि सांगितल्यावर जो घेईल त्याला गाडी देणं म्हणजे त्याच्या बायकामुलांचा विचार न करणं.

एके काळी नाशिककराला असा पेच पडला की तो अंबड–सातपूर लिंक रोडची वाट धरायचा. तिथला भंगार बाजार महापालिकेने जानेवारी २०१७मध्ये मोठ्या बंदोबस्तात उठवला. तो परत बसला. फेब्रुवारी २०२५मध्ये परत उठवला. बाजार अनधिकृतच होता, धूर आणि आगीही होत्या, उठवला यात चूक नाही. पण कोणत्याही गाडीचं कोणतंही दार तिथे मिळायचं, आणि आपल्या गाडीचं दार तिथे कोणाला तरी उपयोगी पडेल असा दिलासाही. आता लोक कुर्ल्याला फोन लावतात.

एक फोन मलाही आला, न लावता. पलीकडचा आवाज अतिशय नम्र. गाडी नको होती त्याला. ‘बॉडी तुम्ही भंगारात द्या साहेब, फक्त आरसी आणि चासी नंबरचा तुकडा द्या.’ त्याचा आकडा विमा कंपनीच्या लिलावात लागलेल्या बोलीपेक्षा बराच वर होता. मेलेल्या गाडीचे कागद चोरीच्या जिवंत गाडीवर चढवायचे, हा धंदा पोलिसांनी देशभर कितीदा पकडला आहे. म्हणजे बघा, माझ्या गाडीच्या सगळ्या भागांत सर्वांत जास्त भाव ज्याला आला तो भाग म्हणजे कागद. कायदा म्हणतो की गाडी कायमची निकामी झाली तर मालकाने १४ दिवसांत आरटीओला कळवून नोंदणी रद्द करून घ्यावी, कलम ५५. ते कलम कोणत्या तरी कारकुनाने कंटाळून लिहिलं असेल असं मला वाटायचं. त्या फोननंतर वाटत नाही.

मॉडिफाइड गाडीला गिऱ्हाईक कसं असतं ते सिनेमावाल्यांनीही पाहिलंय. २००४मध्ये ‘टार्झन: द वंडर कार’ आला होता. दिलीप छाब्रियांच्या डीसीने टोयोटा एमआर-२वर ती जांभळी गाडी घडवली होती, पोरं वेडी झाली होती. सिनेमात ती मालकाच्या मारेकऱ्यांना एकेक करून शोधून काढते. प्रत्यक्षात ती मुंबईत धूळ खात पडल्याचे फोटो पुढे फिरत राहिले. दुसऱ्याच्या हौशीचे पैसे कोणी मोजत नाही, अगदी ती पडद्यावर सूड घेत असली तरी. माझी तर उस्तादांच्या दारात ताडपत्रीखाली उभी आहे, आणि आपला पत्ता शोधायला तिने रात्री-अपरात्री बाहेर पडू नये म्हणून उस्तादांनी बॅटरी काढून ठेवली आहे. घाबरू नका.

तर निर्णय असा. विमा कंपनीशी हिशेब केला: ३ लाख ४० हजारांतून लिलावातली बोली ९५ हजार वजा, सक्तीचे २,००० वजा, हातात २ लाख ४३ हजार, आणि मोडलेली गाडी माझ्याकडेच. नोंदणी रद्द करायचा अर्ज दिला. जे कंपनीने दिलं नव्हतं ते सगळं उतरवायला घेतलं आहे. विंच निफाडकडच्या एका द्राक्षबागायतदाराने नेला. त्याचा ट्रॅक्टर दर पावसाळ्यात बागेच्या बांधावर रुततो आणि शेजाऱ्याचा ट्रॅक्टर मागायला त्याला जिवावर येतं, कारण बांधाचाच वाद आहे. टायर आणि पाटे घोटीच्या एका पोराने घेतले, त्याच्याकडे याच मॉडेलची थार आहे. त्याला कलम १८२अ तोंडपाठ करायला लावूनच दिले. हार्डटॉपचा कोपरा तडकलाय, तो उस्तादांनी मागितला, गॅरेजमागच्या कोंबड्यांसाठी. स्नॉर्केल अजून माझ्याकडेच आहे. कोणी घेत नाही, आणि बायको म्हणते तुळशीवृंदावनाच्या पन्हाळीला लावा.

राहिलं इंजिन, चासी आणि बॉडी. ते एकत्रच नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रात जाणार. या धंद्यात महिंद्रांचीच सरकारी एमएसटीसीबरोबर एक भागीदारी आहे, सीरो नावाची. सातपूरला जोडली, पुन्हा महिंद्रांच्याच हाती मोडायला गेली, हे तिच्या कुंडलीत असेल तर मी कोण अडवणारा. तिथून ठेवीचं प्रमाणपत्र मिळतं, त्यावर नव्या गाडीच्या करात सवलत आहे. मेव्हण्याने त्या सवलतीचा हिशेब आधीच करून ठेवला आहे. मी अजून हो म्हटलेलं नाही.

उरलेल्या रकमेसाठी, म्हणजे विम्याने दिलं ते सोडून हार्डटॉप, टो करणं, उस्तादांची मजुरी, मेव्हण्याच्या खांद्याचे एक्स-रे, यासाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज करतो आहे. तिसऱ्या पक्षाच्या मालमत्तेच्या नुकसानीपोटी खाजगी मोटारीची विमा पॉलिसी साडेसात लाखांपर्यंत पैसे देते. त्यामुळे आपल्या खिशातल्या त्या नोटा तशाच ठेवा. आपला विमा चालू आहे ना, एवढं मात्र आजच बघून घ्या. त्या दिवशी कागद ‘घरी’ होते, नंतर ‘एजंटकडे’ होते. आता ते कुठपर्यंत पोचले, ते पोलिसांना कळवलंत तर बरं.

एक शेवटचं. आपण बुल बार काढून टाकलात असं उस्तादांकडून कळलं. हल्लीच द्वारकेच्या एका गॅरेजात, घाईघाईत, रात्री. उत्तम केलंत, मुलाच्या दृष्टीनेही. पण पंचनाम्यातल्या फोटोत तो आहे, माझ्या मडगार्डावर त्याच्या दोन्ही नळ्यांचे वळ आहेत, आणि काढून देणाऱ्या कारागिराने बिल केलं असेल तर ते तारखेसकट जपून ठेवा. आमचे वकील ते मागणार आहेत.

कळावे, अंतर असावे.

आपला,
उजव्या लेनमधला, उभा